बोलवायचा दिवा

१

घर पाहावं बांधून, म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याने राहत्या घरात रंगकाम काढलेलं नसणार. बांधताना निदान माणूस दुसरीकडे राहतो. इथे पोळ्यांच्या डब्यात पुट्टी, उशीवर पुट्टी, डोक्यात पुट्टी. आणि आमचे हे मधोमध खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकणार. "अगं मंगला, त्या रंगाऱ्यांना चहा दिलास का?" अहो, दिला. सकाळपासून तेच करतेय.

सिडकोतलं आमचं घर लहान. पुढे हॉल, मधे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे न्हाणीघर. शेजारच्यांनी त्यांचं बांधकाम आमच्या भिंतीला आणून चिकटवलं, तेव्हापासून स्वयंपाकघराला खिडकी राहिली नाही. भर दुपारीही तिथे दिवा लावावा लागतो.

मधली खोली माझ्या सासूबाईंची. त्यांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी आम्ही तिला आईंची खोलीच म्हणायचो. आता आमच्या सायलीचं पहिलं बाळंतपण. सासर कळवणचं, पण पहिलं बाळंतपण माहेरी, ते काही कुणाला सांगावं लागत नाही. बाळाला घेऊन ती त्याच खोलीत राहणार, म्हणून हा सगळा उपद्व्याप.

खरं सांगायचं तर हट्ट माझाच होता. रंग नवा, पीओपी नवं, दिवे नवे, पडदे नवे. सात वर्षं मी त्या खोलीत आणि स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या. मला ती खोली अशी बदलून हवी होती की आत पाय टाकल्यावर काहीच आठवू नये. आणि त्या खोलीतून मला परत कधी तसं बोलावणं येऊ नये, एवढंच माझं मागणं होतं.

२

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा चालायचा. घंटी देऊन पाहिली, ती हातातून पडायची आणि त्या आवाजाने त्याच दचकायच्या. मग ह्यांनी डोकं चालवलं. हे सातपूरला कंपनीत मेंटेनन्सला. त्यांनी आईंच्या पलंगाशेजारी भिंतीत एक बटण बसवलं आणि त्याची वायर स्वयंपाकघरात आणून ओट्यावर एक छोटा दिवा लावला. आईंनी बटण दाबलं की माझ्या डोळ्यांसमोर दिवा लागायचा. सगळी गल्ली येऊन कौतुक करून गेली. कारभारीभाऊंनी आईसाठी काय केलंय बघा! घरात त्याचं नाव पडलं बोलवायचा दिवा.

एकदा लागला म्हणजे ये, दोनदा लागला म्हणजे लगेच ये, असं ठरलं होतं. महिन्याभरात एकदा लागणं बंदच झालं. नेहमी दोनदाच.

म्हातारी वाईट नव्हती हो. तिला एकटीला भीती वाटायची. मी गेले की पाणी नको असायचं, कूस बदलायची नसायची, नुसतं बघत राहायची माझ्याकडे. पण भीती तिची आणि पाय माझे. ओट्याजवळ एक स्टूल आहे, त्यावर मी सात वर्षांत कधी नीट टेकून बसले नाही. अर्धी बसायचे, एक पाय उठण्यात. दिवा लागला की हात पदराला पुसत, "आले हो, आले," करत निघायचे. माझा उजवा गुडघा गेलेला, त्यात चपलेचा पट्टा सैल. एक पाऊल टाकायचं, दुसरं ओढायचं. सायली शाळेत असताना माझी नक्कल करून दाखवायची आणि आम्ही दोघी हसायचो.

आई गेल्या. रंगकाम निघालं तेव्हा मी त्या चपला कचऱ्यात टाकल्या. त्या वर्षांत अंगावर असायची ती जांभळी सुती साडी मात्र ठेवली. धुऊन धुऊन मऊ झालेली, ती फाडून बाळासाठी दुपटी केली. नव्या कापडाची दुपटी बाळाला टोचतात.

३

वायरिंगला दत्तू आला. गप्पांचा मोठा शौकीन, हातात स्क्रूड्रायव्हर कमी आणि मोबाईल जास्त.

"काकू, हे पलंगाजवळचं बटण काढून टाकू ना?"

"काढ. आणि असं बुजव की कळायला नको."

त्याने बटण काढलं, खड्ड्यात प्लास्टर भरलं, वर पुट्टी आणि रंग. पण भिंत ओली असताना रंग दिला की काय होतं ते झालं. तळहाताएवढं ठिगळ उमटून राहिलं. ते झाकायला ह्यांनी नेमका तिथेच आईंचा फोटो लावला. चंदनाचा हार घातला. आणि मग ह्यांना वाटलं, फोटोपुढे अंधार नको, एक बारका लाल दिवा हवा. दत्तूला काय, हो म्हणायला पैसे पडतात? दिवसाअखेर त्याने दिवाही लावून दिला.

मला ते पटलं नव्हतं. पण मरणाच्या गोष्टीत सुनेने तोंड उघडलं की तिचंच मन काळं ठरतं.

स्वयंपाकघरात ओट्यावरचा जुना दिवा काढून छताला लांब एलईडी पट्टी लावली होती. पांढरा लख्ख उजेड, डब्यांवरची धूळसुद्धा दिसावी असा. रंगारी गेले, त्यानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत उभी होते. पट्टी विझली, लागली. परत विझली, लागली.

मी पातेलं सोडून निघाले. हात पदराला पुसले. "आले हो," तोंडातून गेलंसुद्धा. खोलीच्या दारात पोचले तेव्हा कळलं की आत कुणी नाहीये. नवा पडदा, नवा दिवाण, फोटोपुढे लाल दिवा. इकडे दूध उतू गेलं.

मला आधी रडू आलं आणि मग राग आला. शरीर म्हणजे बैल आहे नुसता, सवयीच्या वाटेने निघतो.

४

"लूज कनेक्शन असेल," हे म्हणाले.

लूज कनेक्शन बरोब्बर दोनदाच लुकलुकतं का? दर संध्याकाळी, कधी दुपारी, पट्टी दोनदा विझून लागायची. दर वेळी माझा पाय उचलायचा. मी ओट्याची कड धरून उभी राहायचे, पोहायला न येणारा माणूस काठ धरतो तशी.

दत्तूला परत बोलावलं. त्याने फोटो उतरवला, दिव्याची वायर ओढून पाहिली आणि डोकं खाजवायला लागला.

"अरे देवा. काकू, चूक झाली माझ्याकडून."

"काय केलंस?"

"फोटोच्या दिव्याला सप्लाय घ्यायचा होता ना, तर इथे भिंतीत एक वायर तयारच सापडली. तीच जोडली. ती जुनी बोलवायची वायर निघाली. पलीकडचं टोक तुमच्या किचनच्या नव्या पट्टीला जोडलं गेलंय."

म्हणजे बघा. मेलेल्या बाईच्या फोटोपुढचा दिवा त्याच बाईच्या बोलावण्याच्या वायरीवर. हे जगात दुसऱ्या कुणाच्या घरी होणार नाही, आमच्याच होणार. मी खरंच हसले. भीती गेली आणि तिच्या जागी इतका थकवा आला की मी तिथेच दिवाणावर बसले.

"आणि पट्टीचं बटण मी फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलंय, तेही उलटं झालं," दत्तू म्हणाला. "त्यानेपण एलईडी लुकलुकते. सगळं नीट करून देतो."

त्याने केलं. मी समोर उभं राहून करून घेतलं. जुनी वायर भिंतीतल्या पाईपातून पुरती बाहेर ओढली आणि माझ्यासमोर तिचं वेटोळं केलं. लाल दिवा काढला. बाळंतिणीच्या खोलीत गेलेल्या माणसाचा फोटो नको, असं सांगून मी फोटो हॉलमधे नेला. ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण नातवंडाच्या नावाखाली माझं ऐकलं. दत्तूने नवी वायर वेगळ्या वाटेने आणली. आता त्या खोलीचा आणि स्वयंपाकघराचा काडीचाही संबंध उरला नव्हता. ते वेटोळं मी स्वतःच्या हाताने भंगारवाल्याला दिलं.

त्यानंतर पट्टी स्थिर जळायला लागली. मी कित्येक वर्षांनी दुपारची झोपले.

५

सायली मोकळी झाली, मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि दोघांना त्या खोलीत नेलं. खोली छान दिसत होती. दिवाण तेवढा आईंच्या पलंगाच्याच जागी लावावा लागला. दुसरीकडे तो मावतच नव्हता.

बाळंतपण म्हणजे काय ते केलेल्यालाच माहीत. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, बाळाचे लंगोट, शेक, धुरी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा. मी सायलीला पहिल्याच दिवशी बजावलं, "काही लागलं तर हाक मार. मोठ्याने मार. घरात कुणी आजारी नाहीये."

"आई, माझ्याकडे मोबाईल आहे ना," ती हसली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत स्टुलावर बसले होते. पट्टी विझली, लागली. विझली, लागली.

मी उठले नाही. मनात म्हटलं, मंगला, वायर भंगारात गेली. लाईट वरखाली होत असेल, सातपूरच्या बाजूला लाईनीत काही झालं असेल. सायलीला काही हवं असतं तर तिने हाक मारली असती. गुडघा उठायला बघत होता, मी त्याच्यावर हात दाबून ठेवला. मेथीची जुडी संपेपर्यंत बसून राहिले आणि मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला.

नंतर ताट घेऊन खोलीत गेले. दिवाणाजवळ खाली स्टीलचा पेला होता, अर्धा प्यायलेला.

"पाणी कुणी दिलं तुला?"

"तूच तर ठेवून गेलीस मघाशी." सायली झोपाळू आवाजात म्हणाली. "आले हो, आले, करत. आजीला म्हणायचीस तसं. मला हसूच आलं."

मी ताट खाली ठेवलं. नाहीतर वरण सांडलं असतं.

६

आता मला सांगा, माणसाने काय समजायचं? मी समजले की आपण विसरलो. अर्धवट झोपेतल्या माणसाने चार कामं केली आणि ती त्याच्या लक्षात राहिली नाहीत, असं होतं. मी बाळ झाल्यापासून धड झोपले नव्हते. हेही तेच म्हणाले.

"तू दमलीयेस, मंगला. तुझ्या घोटीच्या बहिणीला बोलावून घे चार दिवस."

"तिची भातलावणी चाललीय. ती काय येते!"

"मग आराम तरी कर."

"करते ना. पोळ्या तुम्ही लाटा."

यावर ते पेपर घेऊन हॉलमधे गेले.

पण दिवा लागतच होता. मी उठले की खोलीत काही नसायचं, सायली झोपलेली आणि बाळ झोपलेलं. मी उठले नाही की नंतर काहीतरी केलेलं सापडायचं. दुपटं बदललेलं. पडदा ओढलेला, कारण बाळाच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. सगळं अगदी माझ्या पद्धतीने. दुपट्याची घडीसुद्धा मी घालते तशी, कोपरा आत दुमडून. वाईट असं काहीच कुणी केलं नव्हतं. त्याचीच मला जास्त धास्ती वाटायची, कारण वाईटाला निदान हाकलता येतं.

एक दिवस मी सायलीजवळ बसले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मघाशी मी आले तेव्हा कुठली साडी होती गं माझ्या अंगावर?"

"काय प्रश्न आहे का आई हा?"

"सांग ना."

"तीच की, तुझी जांभळी." ती बाळाला पाजत होती, तिने मान वर केली नाही. "कित्ती जुनी झालीय ती. टाकून दे ना आता."

बाळ त्याच साडीच्या दुपट्यात गुंडाळलेलं होतं. तिच्या मांडीवरच. ओल्या बाळंतिणीला मी काय सांगणार होते? तिला भीती बसली की दूध आटायचं. तिने आणि बाळाने सव्वा महिना या खोलीत सुखाने काढावा, नंतर माझं काय व्हायचं ते होऊ दे. मी माझी बिनबाह्यांची मॅक्सी नीट केली आणि उठून गेले.

७

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायला चिमणाबाई यायची. पेठकडची बाई, हात लाकडासारखे, पण बाळ तिच्या हातात कधी रडायचं नाही. परवा सकाळी तिने बाळाची आंघोळ उरकली, त्याला धुरी दिली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. मग सायलीला घेऊन न्हाणीघरात गेली. हे पहिल्या पाळीला गेलेले. घरात गरम पाण्याचा आवाज आणि ओव्याच्या धुराचा वास तेवढा होता. बाहेर भाजीवाला ओरडत होता.

मी दिवाणावर बसले, भिंतीला टेकून. बाळ उजव्या हातावर, जांभळ्या दुपट्यात. किती दमले होते म्हणून सांगू! हाडं सुटी होऊन पडतील असं वाटत होतं. उजवा हात बाळाच्या डोक्याखाली अवघडून लाकूड झाला होता, हलवावा तर बाळ उठेल. डोळे मिटत होते. मनात एकच होतं, कुणीतरी यावं, नुसतं यावं आणि माझ्याजवळ उभं राहावं.

डोळे उघडले तेव्हा माझा डावा हात भिंतीवर होता. त्या ठिगळावर, अंगठा दाबलेला.

खोलीच्या दारातून स्वयंपाकघराचं दार दिसतं. तिथला पांढरा उजेड विझला, लागला. विझला, लागला.

मी अंगठा काढला. उशीर झाला होता. आत कुठलं तरी भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग तो आवाज आला जो मी सात वर्षं काढला आणि कधी ऐकला नव्हता. एक पाऊल टाकलेलं, एक ओढलेलं. सैल पट्ट्याची चप्पल.

"आले हो, आले."

अहो, मला माहीत नव्हतं माझा आवाज इतका थकलेला आहे. कुणीच कसं कधी म्हणालं नाही मला? त्या आवाजात राग नव्हता, माया नव्हती, काहीच उरलं नव्हतं. घासून घासून भांड्याची कल्हई जावी, तसा.

मी दारावरचा पडदा ओढलेला नव्हता, पण तो वाऱ्याने अर्धा पुढे आला होता. त्याच्याखाली पावलं येऊन थांबली. त्या चपला मी कचऱ्यात टाकल्या होत्या. वर साडीचा काठ, जांभळा, अखंड, कुठेही न फाडलेला. पडद्याच्या कडेला ओला हात दिसला, पदराला पुसत असलेला. मी बाळाला छातीशी धरलं. ती तिथेच उभी राहिली, काय हवं ते सांगायची वाट बघत. घाई न करता. तिला कधी नाही म्हणता आलंच नव्हतं.

तेव्हा मला जे सुचलं ते मी बोलले. आजवर मला कुणी म्हणालं नव्हतं तेच.

"काही नको गं," मी म्हणाले. "जा. बस जरा."

हात थांबला. मग पावलं वळली, एक टाकत, एक ओढत परत गेली. स्वयंपाकघरात स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि त्यावर कुणीतरी बसल्याचा. अर्धं नाही, पूर्ण अंग सोडून.

मी रडत होते. भीतीने की कशाने, ते मलाही कळत नव्हतं. पण वाटलं, सुटलो. दोघीही सुटलो.

चिमणाबाई ओले हात झटकत आली. "टावेल द्या ताई, पोरगी कुडकुडती हाय." मी मानेनेच दोरीवरचा टॉवेल दाखवला. तो घेऊन वळताना ती म्हणाली, "घोटीची बहीण आली काय तुमची? च्या टाकू का इचारलं, तर बोलल्या नाय. भिताडाकडं तोंड करून बसल्यात. पाठीवरून अगदी तुमच्यावानी दिसत्यात."

"बसू द्या," मी म्हणाले. "बोलू नका त्यांच्याशी. बसू द्या त्यांना."

"लय दमल्यात वाटतं," असं म्हणत ती गेली.

मी बाळाकडे पाहिलं. त्याचे ओठ वाकडे व्हायला लागले होते. भूक लागली होती त्याला. मी त्याला हलवलं, थोपटलं, कानाशी तोंड नेऊन विनवलं, नको रे राजा, आत्ता नको, थोडा वेळ गप राहा, तिला बसू दे. त्याला काय कळणार! त्याने तोंड उघडलं आणि टाहो फोडला.

आत स्टूल सरकलं.